गाऱ्हाण्यातली एक ओळ

ऐका हो ऐका! मालवण बंदर, सर्जेकोट, रेवंडी, तळाशील आणि तोंडवळी येथील तमाम रयतेस, माडांच्या बागाईतदारांस, होड्यांच्या तांडेलांस, तसेच दुपारी पेज जेवून आडव्या होणाऱ्या सर्व थोर-लहान मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यापुढे आपल्या झोपेस कोणताही धोका उरलेला नाही. ज्यांनी खाडीच्या या तीरावरून हाक मारली असता त्या तीरावरचे कुत्रे उठून बसत, ते श्रीयुत बाबल सारंग, राहणार तळाशील, हे गप्प झाले आहेत. तरी सर्वांनी स्वस्थ निजावे हो!

ही दवंडी मी आज रचलेली नाही. ती मागच्या पावसाळ्यातली आहे, आणि सारंगाच्या घरापुढच्या खळ्यात उभं राहून, पितळी ताटावर पळी बडवत, मी ती खुद्द सारंगासमोर म्हणून दाखवली होती. त्याची बायको, माझी वयनी, आतून ओरडली, “जितो माणूस समोर बसलो हा नि तेची दवंडी पिटतास? जीब झडात तुमची!” सारंग मात्र हसून हसून खोकायला लागला. डोळे पुसत म्हणाला, “बोलांदे गो तेका. झ्याक आसा. फक्त ता कुत्र्यांचा काड रे नाटक्या. कुत्रे कोणाच्याय आवाजान उठतत. रेडे घाल.” मी रेडे घालायचं कबूल केलं होतं. आणि आता लिहून झाल्यावर पाहतो, तर कुत्रेच राहिले आहेत... माफ करा, सारंगानू.

यंदा आषाढात एका सकाळी मी मालवणच्या माझ्या दुकानात सोड्याच्या बाटल्या विसळत होतो. तळाशिलाहून बाजाराला येणारी मासळीवाली दारात थांबली. एरवी ती आधी टोपली आपटते, मग मला दोन शिव्या देते आणि मग भाव सांगते. त्या दिवशी टोपली डोक्यावरच होती. “सारंग गेलो,” एवढंच म्हणाली. मी विचारलं, “खंय?” तेव्हा तिने टोपली हळूच खाली ठेवली. मला कळलं. पावसाने खाडी फुगलेली, तरीची होडी बंद. पलीकडे पोचेपर्यंत दुपार झाली, आणि तोवर सगळं आटोपलं होतं. खळ्यात त्याचं अर्धवट विणलेलं जाळं तसंच खांबाला टांगलेलं होतं. वयनी एका कोपऱ्यात बसून होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. नंतरही कित्येक दिवस ती बोलली नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. सारंग हे त्याचं आडनाव नव्हे. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. मुंबईहून सुटणाऱ्या एका मालवाहू बोटीवर तो सारंग होता आणि मी साहेबलोकांच्या जेवणघरात वाढपी. कप्तानाची चाल, चीफ इंजिनियरचं नाक शिंकरणं, सगळं मी नकलून दाखवायचो, म्हणून सारंगाने माझं नाव ‘नाटक्या’ ठेवलं. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणायचो, पाठीमागे ‘तो’. आता तो पाठीमागेच आहे, म्हणून तसंच लिहितो.

आमच्या बोटीवर खलाशी बहुतेक मालवणकडचेच. त्यामुळे बंदर सोडताना नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, नारळ फोडायचा आणि सारंगाने गाऱ्हाणं घालायचं, हे ठरलेलं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक सांगण्यामागे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवाला एकट्याचं ऐकू जात नाही, अशी आमची समजूत असावी. सारंग कमरेवर हात ठेवून सुरू करायचा, “बा देवा म्हाराजा! ह्या लोखंडाच्या डब्याक वाऱ्यापासून, धुक्यापासून राख म्हाराजा!” आम्ही म्हणायचो, “व्हय म्हाराजा!” “कप्तानाक राग इलो, तर तो चाय घेतल्यावर जिरव म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” कप्तान वरून कौतुकाने बघत असे. एकदा त्याने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, तुम्हांला दीर्घायुष्य मागतायत. पुढच्या बंदराला तोही वरून ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’ आणि नेमका आपल्याच रागाच्या ओळीवर. सारंग दोन दिवस मला दिसला की तोंड फिरवून हसत होता.

या बोटीवर इंजिनखात्यात एक नवा फिटर आला. नाव एलिजा. बोलायचा शुद्ध मराठी, गाव अलिबागकडचं, बापाचा तेलाचा घाणा. आम्हांला वाटलं, ख्रिस्ती असणार. पण पहिल्याच दिवशी जेवणात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, होत्या आणि त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तीही नाही. तिसऱ्या दिवशी मोरी माशाचं मटण, तेही नाही. भटारखान्यात हाहाकार उडाला. सारंग स्वतः त्याच्यासमोर जाऊन बसला.

“कोकणात जन्माक येवन कुर्ली खात नाय? दुखता खंय तुका?”

“दुखत नाही सारंग. आमच्यात चालत नाही. खवलं असलेला मासाच खायचा.”

“आणि तिसऱ्यो?”

“शिंपल्यांना खवलं कुठं असतात?”

सारंगाने कपाळाला हात लावला. असं दुःख त्याने आजवर बघितलं नव्हतं. मग उठून भटाऱ्याला म्हणाला, “आजपासून ह्या पोराक पापलेट नि बांगडो. कुर्लेचो वाटो माका.” तेव्हाच आम्हांला कळलं की एलिजा ज्यू आहे, आपल्याच कोकणातला, पिढ्यान्‌पिढ्या इथला. शनिवारी काम न करणारे तेली म्हणून ज्यांना गाववाले ओळखतात, त्यांच्यातला. एकदा सणाला त्याने पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा केला. सारंगाने तोंडात टाकला आणि निकाल दिला, “ह्यो आमचोच प्रसाद. फक्त देवाक इचारून केलेलो दिसता.”

पुढे एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमची बोट दुरुस्तीला हांबुर्गच्या गोदीत लागली. पंधरवडाभर काम नाही. तिथल्या खलाशांच्या क्लबचा म्हातारा पाद्री रविवारी गाडी करून खलाशांना फिरवून आणायचा. एलिजा त्याच्याशी काहीतरी बोलला आणि मग सारंगाकडे रजा मागायला आला. लढाईच्या दिवसांत तिकडच्या सत्तेने ज्यूंना गावागावांतून धरून छावण्यांत कोंडलं आणि मारलं. त्यांतली एक छावणी इथून गाडीने जाण्यासारखी होती. तिथे आता स्मारक होतं. एलिजाच्या बापाने त्याला बोटीवर चढताना सांगितलं होतं, ‘त्या मुलखात गेलास तर कद्दिश म्हण, मेलेल्यांमागची आपली प्रार्थना. बापामागे मुलगा म्हणतो. त्यांचे मुलगेही त्यांच्याबरोबरच गेले. म्हणायला कोणी उरलंच नाही.’

“पण म्हणता येणार नाही,” एलिजा म्हणाला. “कद्दिशला दहा पुरुष लागतात. मी एकटा. नुसता बघून येईन.”

सारंग म्हणाला, “परक्या मुलखात एकट्याक सोडूचो नाय.” आणि त्याने फिरून सगळ्यांना उठवलं. कोणाला कुठे जायचं ते सांगितलंच नाही. कोणी म्हणे प्राणिसंग्रहालय, कोणी म्हणे बाजार. गाडीत मी पाद्र्याची नक्कल करून दाखवली. खुद्द पाद्रीही हसला. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा आम्ही अजून हसतच उतरत होतो.

त्या जागेचं नाव मी लिहीत नाही, माझ्या जिभेला ते तेव्हाही जमलं नाही. मला वाटलं होतं तुरुंग असेल, गज असतील. काही नव्हतं. रोगाची भीती म्हणून झोपड्या जाळून टाकल्या होत्या. नुसतं माळरान, तांबूस वाळकी झुडपं, पांढऱ्या सालीची झाडं आणि अंगात सुऱ्या खुपसणारा वारा. आणि उंचवटे. लांबच लांब, सपाट माथ्याचे, कडेने दगड बसवलेले. आमच्यातला एक खलाशी म्हणाला, “एवढे मोठे वाफे? काय लावतत हंय? बटाटे?”

कोणी हसलं नाही, कारण सारंग पुढे जाऊन एका दगडासमोर उभा राहिला होता. त्याला ती लिपी वाचता येत नव्हती, पण आकडा वाचता येत होता. हजारांतला आकडा. नाव एकही नाही. प्रत्येक उंचवट्याला वेगळा आकडा. तो वळला आणि खाली बसून बुटांचे बंद सोडू लागला. आमच्याकडे स्मशानात पायताण घालून कोण उभा राहतो? एकामागून एक आम्ही सगळ्यांनी बूट काढले. सारंगाने टोपीही काढली. तेवढ्यात एलिजा हळूच म्हणाला, “टोपी घाला, सारंग. आमच्यात डोकं झाकून उभं राहतात.” मग आम्ही टोप्या घातल्या. पायांत ओले मोजे, डोक्याला माकडटोप्या... असा आमचा तो तांडा त्या माळावर चालत ज्यूंसाठी उभारलेल्या शिळेपाशी गेला. इतक्या दिवसांनी लिहितानाही मला त्या तांड्याचं हसू येतं, आणि ते हसू पुरतं येत नाही.

शिळा साधी होती, वरती त्यांची अक्षरं. समोर काळा कोट घातलेली एक म्हातारी एकटीच उभी होती. एलिजाने आपल्या रीतीप्रमाणे दोन खडे उचलून शिळेवर ठेवले आणि मागे सरकला. सारंगाने विचारलं, “म्हण ना आता.”

“दहा लागतात...”

“मोज.”

एलिजाने मागे वळून बघितलं. सारंग, मी, भटारी, डेकवरचे सगळे, आणि तो स्वतः. दहा भरत होते. सारंगाने रांग लावून तयार ठेवली होती. एलिजाने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या दहांनी ज्यू असावं लागतं, हे त्याने आम्हांला सांगितलं नाही. मला सांगितलं, पण नंतर, बोटीवर, आणि तेही बजावून, “सारंगाला बोलशील तर बघ. आणि देवाला सांगायला तर मुळीच जाऊ नकोस.”

त्याने म्हणायला सुरुवात केली. भाषा आम्हांला कळत नव्हती. पण लय कळत होती. कोणीतरी मोठ्याने सांगतोय, थांबतोय, पुन्हा सांगतोय. पहिल्यांदा तो थांबला आणि त्याचा आवाज फुटला. पुढचा शब्द येईना. वारा तेवढा वाहत होता... आणि त्या थांबण्यात, आयुष्यभराच्या सवयीने, सारंगाचा आवाज घुमला, “व्हय म्हाराजा!”

आम्हीही म्हटलं. म्हणायचंच असतं ना. एलिजाने दचकून वर बघितलं. मला वाटलं चुकलं, आता हा रागावणार. त्या जागी ‘आमेन’ म्हणायचं असतं, हे आम्हांला काय ठाऊक! पण त्याने डोळे मिटले आणि पुढे म्हणू लागला, सावकाश, आणि प्रत्येक थांब्याला आमच्यासाठी जागा ठेवून. आम्ही प्रत्येक थांब्याला म्हटलं. असं ‘व्हय म्हाराजा’ मी तळाशिलालाही ऐकलेलं नाही.

संपल्यावर ती म्हातारी जवळ आली. तिने सारंगाच्या पायांकडे, ओल्या मोज्यांकडे बघितलं आणि एलिजाला काहीतरी विचारलं.

“काय म्हणता ती?” सारंग म्हणाला.

“तुम्ही कुठले, विचारते.”

“सांग तिका. मालवणचे.”

“माल... वान,” म्हातारी म्हणाली. तिने सारंगाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सारंगही तसाच उभा राहिला. बायामाणसांसमोर एरवी लाजून पळणारा माणूस.

परतीच्या गाडीत मी नक्कल केली नाही. सारंग काचेबाहेर बघत होता. गोदीचे दिवे दिसायला लागले तेव्हा एकदाच बोलला, “नारळ व्हयो होतो रे, नाटक्या. एवढी माणसां... आणि आमी रिकाम्या हातान इलंव.”

हे त्याला लागून राहिलं. बोटीची नोकरी सोडून तो तळाशिलाला आला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराचा. पहिल्याच वर्षी, वाडीचं, होड्यांचं, गुराढोरांचं सगळं सांगून झाल्यावर, नारळ हातात घेऊन त्याने शेवटी एक ओळ जास्त घातली. “आणि थंय, थंड मुलखात, जी माणसां पडली हत, जेंच्या मागे कोण उरलो नाय, तेंका ह्या नारळातलो वाटो पावांदे म्हाराजा!” सगळी वाडी म्हणाली, “व्हय म्हाराजा!” कोणाबद्दल, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटलं, कुठेतरी बोट बुडाली असेल. त्यानंतर दरवर्षी ती ओळ आली. दरवर्षी मी मालवणहून तेवढ्यासाठी जायचो. दरवर्षी वयनी घरी येऊन कुरकुरायची, “कोण ती माणसां? आपल्या घरच्यांका सोडून तेंका नारळ कित्याक?” सारंग एवढंच म्हणायचा, “आसत कोण तरी. तू जेवाक वाड.”

एलिजा मधल्या काळात आपल्या लोकांच्या नव्या देशात कायमचा राहायला गेला. जाण्याआधी तळाशिलाला येऊन गेला. वयनीने त्याच्यासाठी बांगडे तळले. सारंगाने त्याला ती ओळ म्हणून दाखवली, अगदी खालच्या आवाजात. म्हणजे पलीकडच्या तीराला ऐकू गेली नसेल इतपत.  एलिजा काट्यांतून मांस सोडवत बसला होता, ते नुसतंच सोडवत राहिला...

सारंगाला मूलबाळ नव्हतं. याच वर्षी, वैशाखात, आमची शेवटची भेट झाली. छातीत दुखतं म्हणत होता. मी नेहमीचे विनोद केले. त्याने ऐकून घेतले आणि मग म्हणाला, “माजा काय नाय रे. माका पुतण्यो आसा, गणपत. पण तेंचा काय? मी गेल्यावर ती ओळ कोण म्हणतलो?”

“मी म्हणान,” मी म्हटलं.

“तुका मान खंय आसा हंय? तू मालवणचो.” आणि थोडा हसून, “तू म्हटलंस तर देव टाळ्यो वाजवतलो. ऐकूचो नाय.”

ते खरं होतं. म्हणून तेराव्यानंतर मी गणपतला खळ्यात बसवून सगळं सांगितलं. पोर गुणाचं आहे, शेतीत राबणारं, लाजाळू. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, “काका, आमच्या गाराण्यात गावाचा, घरादाराचा नाव येता. परमुलखातल्यांचा नाव घालूचो अधिकार सारंगतात्यांका होतो. ते जावन इले होते. माका कोण इचारीत तर मी काय सांगू?”  वयनी दाराआड बसून होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

परवा नारळी पौर्णिमा झाली. पाऊस उघडला होता. सगळी वाडी किनाऱ्यावर, पुरुष पुढे, बायका मागे. त्यांत पांढऱ्या कपाळाने वयनीही, सर्वांत मागे, कोणीतरी हाताला धरून आणलेली. तिला यायचं नव्हतं असं म्हणतात. गणपतचा आवाज काही सारंगाचा नव्हे. पहिल्या ओळीला तर लाटांनीच त्याला गिळलं. पण हळूहळू जमलं. वाडीचं म्हणून झालं, होड्यांचं झालं, गुरांचं झालं. आम्ही सगळं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मग तो थांबला. मला वाटलं, आता म्हणेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नारळाकडे. ओठ हलले... पण आवाज आला नाही. त्याने मान खाली घातली आणि नारळ दर्यात सोडायला दोन पावलं पुढे टाकली.

आमच्याकडे गाऱ्हाण्यात बायका तोंड उघडत नाहीत. कधीच नाही. आणि ही बाई तर आषाढापासून कोणाशीच बोललेली नव्हती. पण मागून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, लाटांच्याही वर, खाडीपलीकडचे रेडे उठून बसतील असा आवाज आला, “अरे थांब रे गणपत! ती माणसां ऱ्हवली!”